बावीस चकरा

“बाईमाणसाचं शरीर कष्टासाठी घडलेलंच नाही,” असा अंतिम निर्णय भाऊरावांनी खुर्चीतून जाहीर केला, तेव्हा त्यांची बायको विनता गॅसचं भरलेलं सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर आणून दारात टेकवत होती.

“पाय घ्या जरा वर,” ती म्हणाली.

भाऊरावांनी पाय वर घेतले. सिलिंडर स्वयंपाकघरात गेलं. सिद्धांत जागच्या जागी राहिला.

विषय तिच्या नोकरीचा होता. चोपन्नाव्या वर्षी विनतानं एका शाळेच्या गेटवर गार्ड व्हायचं ठरवलं होतं, आणि त्याआधी सदर बाजाराच्या मैदानावर पंधरा दिवसांचं ट्रेनिंग होतं. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं माल तपासून ‘रिजेक्ट’चा शिक्का मारण्यात भाऊरावांचा हात बसलेला. हा प्रस्तावही त्यांनी पाहताक्षणी रिजेक्ट केला. बूट घ्यायचे म्हटल्यावर तर ते हसलेच.

“चार दिवसांत सोडून देशील. बूट काहून पाहिजे?”

विनतानं त्यांचेच जुने कॅनव्हासचे बूट काढले, पुढच्या टोकात वर्तमानपत्र कोंबलं आणि निघून गेली.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. ट्रेनिंग देणारे निवृत्त सुभेदार बोलत होते. मागे गलका, आवाज तुटक.

“अंकलजी... मैडम... बाईस चक्कर... अस्पताल...”

भाऊराव सतरा वर्षं मराठी मंडळाचं इतिवृत्त लिहीत होते. ‘श्रीमती कुंदाबाईस पुष्पगुच्छ देण्यात आला,’ या थाटाचं. त्यामुळे त्यांना निरोप लगेच कळला. बाईस, म्हणजे बाईला, चक्कर आली. माणूस अस्सल हिंदीवाला, पण विभक्ती किती बिनचूक, असं कौतुकही क्षणभर मनात येऊन गेलं. मग दाराला कुलूप न लावताच ते जिना उतरले.

ऑटोत बसल्यापासून त्यांनी नर्मदामैयाशी बोलणी सुरू केली. पहिल्या सिग्नलला नारळ कबूल केला. दुसऱ्या सिग्नलला तंबाखूचा खर्रा सोडला. तिसऱ्या सिग्नलला ऑटो थांबला तो हलेचना, तेव्हा ते डोळे मिटून पुटपुटले, “बूट घेऊन देतो तिला. नवे. तिच्या मापाचे.”

विनता दवाखान्यातल्या कॉटवर डोळे मिटून पडली होती. हाताला सलाईन, कॉटखाली ते बूट. भाऊरावांनी वाकून एक बूट उचलला आणि आतला कागद ओढून काढला. घामानं भिजून त्याचा लगदा झाला होता. तो त्यांनी मुठीत धरला.

“सोड ही नोकरी,” ते म्हणाले. आवाज मात्र जाहीर करण्याचा नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या.

“ईसीजी एकदम बढ़िया है, अंकल. खाली पेट दौड़ीं, पानी कम पड़ गया, बस. वैसे बाईस चक्कर में तो कोई भी गिर जाए.”

“बाईस एकच चक्कर आली न?” भाऊरावांनी घाबरून विचारलं.

“बाईस, अंकलजी. ट्वेंटी टू,” सुभेदार दारातून म्हणाले. टोपी त्यांच्या हातात होती. “मैदान के. लगाने पाँच ही थे.”

भाऊरावांची विभक्ती तिथंच गळून पडली.

झालं होतं असं की सुभेदारांनी ‘सीटी बजने तक दौड़ना’ असा हुकूम दिला, आणि मग फोनवर कुणाशी तरी त्यांचं भांडण जुंपलं. शिट्टी राहून गेली. विशी-बाविशीच्या पोरी सहाव्या चकरेला सावलीत जाऊन बसल्या. मैदानावर एकटी विनता उरली.

“अगं, पण थांबायचं न!”

विनतानं डोळे उघडले. “शिट्टी कुठं झाली होती?”

“म्हणून काय धावतच राहायचं?”

“चौतीस वर्षं फॅक्टरीच्या भोंग्यावर तुमचा डबा भरला मी. भोंग्याच्या आधी काम टाकून निघणाऱ्याला तुम्ही काय म्हणत होते, सांगा बरं यांना.”

भाऊराव काय म्हणत, ते दवाखान्यात सांगण्यासारखं नव्हतं.

सुभेदारांनी गळ्यातली शिट्टी काढून उशाशी ठेवली. “मैडम, स्कूल का गेट कोई और सँभाल लेगा. अगली बैच आप दौड़ाइए. मुझसे तो सीटी भी नहीं बजती.”

विनतानं शिट्टी उचलली, पदराच्या टोकानं नीट पुसली आणि मुठीत ठेवली. भाऊराव काही तरी म्हणणार होते, पण डॉक्टरीणबाई आता त्यांच्याकडे पाहत होत्या.

“अंकल, आप ज़रा बैठिए. आपका बीपी देखते हैं.”

तो त्यांनी दोनदा पाहिला.

महिन्याभरानं, सकाळी सात वाजता, सदरच्या मैदानावर नवी बॅच धावत होती. मध्यभागी विनता, ताठ, गळ्यात शिट्टी, पायांत तिच्या मापाचे पांढरेशुभ्र बूट. सुभेदार बाजूला बसून चहा पीत होते. सव्वीस पोरी एका लयीत पुढे निघून गेल्या, आणि त्यांच्या बऱ्याच मागून, डॉक्टरांच्या हुकमावरून, एक गृहस्थ भरभर चालत आले. जुने कॅनव्हासचे बूट. आता त्यांत कागद कोंबावा लागत नव्हता.

तिसऱ्या चकरेला ते तिच्यासमोर आले. ती सरळ पुढे बघत होती.

“मॅडम,” भाऊराव हळूच म्हणाले, “तेवढी शिट्टी वाजवा न.”