गुंडीला वाकणारी काठी

"आता?" टेबलाखालून रेयनोने दोरा हळूच ओढला.

"नाही," लेम्पी म्हणाली. डोळे मिटलेले, उजव्या हातात काठी.

"आणि आता?"

"नाही."

"आता तर बैलाने ओढावा तसा ओढला, बये! एकदा तरी हो म्हण की."

"जाणवलं की म्हणेन. उगाच कशाला म्हणू?"

रेयनोने काठी तिच्या हातातून घेतली आणि दारामागच्या छत्र्यांच्या बादलीत टाकली. त्या बादलीत आता छत्री एकही नव्हती. छत्र्यांच्या काड्या, जुन्या ट्रकची अँटेना, पडद्याची सळई, घरात जे जे म्हणून लवतं त्या सगळ्याच्या त्याने गळाच्या काठ्या केल्या होत्या, आणि सगळ्या तिथे नापास होऊन उभ्या होत्या.

ऑक्टोबरात त्याच्या बायकोच्या, लेम्पीच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय परतला, बोलणं परतलं. हातही हलायला लागला, पण त्याला कळेना काही. तापलेली किटली काय आणि मांजर काय, त्याला दोन्ही सारखंच. आणि तो हात साधासुधा नव्हता. गोठलेल्या तळ्याच्या बर्फात पाडलेल्या भोकातून खाली सोडलेल्या गळाला मासा नुसतं नाक लावून गेला, तरी लेम्पी सांगायची, "वॉलाय आहे. पोट भरलंय त्याचं, नुसता चौकशीला आला होता." केटल तळ्यावरचे लोक तर म्हणत, तिला माशाचं आडनावही कळतं. पण लोकांचं काय घेऊन बसलात! त्या गावात खरं बोलणारी एकटी लेम्पीच. गुसच्या दुकानात शेगडीभोवती बसून रेयनो हातातून सुटलेला मासा दोन तळहातांत दाखवायला लागला, की लेम्पी मागून यायची आणि एका बोटाने त्याचा तळहात आत ढकलायची. ढकलत ढकलत हातभर मासा वीतभर करून ठेवायची. "एवढाच होता." सगळं दुकान हसायचं, रेयनोसकट.

हाताबद्दल फार आशा धरू नका, असं डॉक्टरने सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली. घरी येऊन म्हणाली, "वॉलायचा टोचा एकदा मनगटात आला ना, की मग खुशाल जाऊ दे हात."

"डाव्या हाताने धर की."

"डावा अडाणी आहे. त्याला काय कळतंय?"

तेव्हापासून रेयनोने दुसरं काही केलं नव्हतं.

जानेवारीत थंडी अशी पडली, की गुसचा कुत्रा शेपूट हलवायचा तर कोणी लाकडं फोडतंय असं वाटायचं. अशा थंडीत रेयनो दुकानात गेला आणि भिंतीवरच्या काठीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती काढ."

गुस चाटच पडला. ती काठी शहरातून येणाऱ्या हौशी लोकांसाठी होती. विकत घेतलेली काठी घेऊन बर्फावर उतरलेल्याला त्या तळ्यावर कोणी कॉफीसुद्धा विचारत नाही. खुद्द गुस हॉकीच्या मोडक्या काठीला दोरा बांधून बसायचा.

"अरे, लाज आहे का? तेवढ्या पैशांत गाय येईल."

"गाईला गळ बांधता येत नाही. काढ म्हणतो ना."

गुसने काठी काढली नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "रेयनो, बधिर काठी नाहीये."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग मी काय करू? हात मला करता येत नाही. काठी करता येते."

गुसने गल्ल्याखालून एका मोडक्या उन्हाळी काठीचं टोक काढलं. "घे. एकाने गाडीच्या दारात चेमटवली. पैसे नकोत."

रेयनोने ते टोक काचकागदाने घासून घासून गवताच्या पात्याइतकं बारीक केलं. मुठीसाठी लेम्पीचाच लाकडी डाव कापला, म्हणजे हाताला ओळख तरी लागेल. त्याला दोरा गुंडाळायला दोन खिळे, दोरा ओवायला सेफ्टीपिनांची वेटोळी, आणि अगदी टोकाला भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग. घड्याळ थांबलं ते थांबलंच. टोकाला त्याने शर्टाची गुंडी टांगली. टोक वाकलं. मग गुंडी काढून त्याने नुसती फुंकर मारली. तरी वाकलं!

दुसऱ्या दिवशी लेम्पीला घोंगडीत गुंडाळून, घसरगाडीवर बसवून, तो ओढत तळ्यावरच्या आपल्या खोपटीत घेऊन गेला. भोक पाडलं. गळाला जिवंत मासोळी लावली. काठी तिच्या उजव्या हातात दिली आणि स्वतः समोर बसला.

बऱ्याच वेळाने टोक वाकलं. गुंडीला वाकतं तसं नाही, चांगलं पाण्याकडे लवलं. सुटलं. परत लवलं.

लेम्पी शेगडीकडे बघत होती. "कॉफी उतू जाईल, बघ," ती म्हणाली.

रेयनोने तोंड उघडलं आणि मिटलं. टोक सरळ झालं. "गळ बघतो जरा," म्हणत त्याने दोरा वर घेतला. गळ रिकामा होता. तिला पाठ करून त्याने दुसरी मासोळी लावली.

पुन्हा बसले. भोकावर साय धरावी तसा बर्फ धरायचा, रेयनो तो चमच्याने काढायचा, आणि काढून झाला की काठीच्या टोकाकडे बघत राहायचा. लेम्पी मात्र टोकाकडे बघत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"लागला!" ती एकदम ओरडली.

टोक भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखं स्थिर होतं.

"वॉलाय आहे! दांडगा आहे, रेयनो!" तिने डाव्या हाताने भराभरा दोरा ओढला. वर आली ती मासोळी. सबंध, जिवंत, वळवळणारी.

दोघं तिच्याकडे बघत राहिले.

"सुटला," लेम्पी म्हणाली.

"सुटला," रेयनो म्हणाला. "जाणवलं?"

"मनगटात. अगदी पहिल्यासारखं."

त्याने मासोळी अलगद सोडवली आणि बादलीतल्या पाण्यात परत टाकली.

परतताना ते गुसच्या दुकानात शेकायला थांबले.

"काय, लागला का?" गुसने विचारलं.

"लेम्पीला लागला. सुटला."

"केवढा?"

रेयनोने दोन्ही तळहात उचलले आणि पसरले. मग सवयीने एक तळहात जरा सैल सोडला, ढकलायला सोपा जावा म्हणून. लेम्पी शेजारीच बसली होती, पण तिचं बोट आलं नाही. त्याने हात आणखी पसरले.

"एवढा," तो म्हणाला.

"एवढा तर होताच," लेम्पी म्हणाली.

दुकानात कोणी हसलं नाही. गुसने कॉफी ओतली, ती समोर निवत गेली, तरी रेयनोचे हात हवेत तसेच होते, हातभर लांब.