घोंगड्याची कड

"ब्लेड आणा," बानाबाई म्हणाली.

सोनाजी जागचा हलला नाही. ओढ्याचं पाणी कालच ओसरलं होतं. घरात चिखल, कणगीतली ज्वारी फुगून आंबलेली, आणि छपराचे पत्रे वाऱ्यानं उडून शेजारच्या कपाशीत पडलेले. कोरडं होतं ते एवढंच, बानाबाईच्या मांडीवरचं घोंगडं. पाणी चढलं तेव्हा तिनं आधी ते डोक्यावर घेतलं, मग शेळ्या सोडल्या, आणि नवऱ्याला हाक त्याच्याही नंतर मारली.

"आजच उसवायचं का? थांब की थोडं. सरकारी मदत येईल," सोनाजी म्हणाला.

"आन् तवर आभाळाखाली निजायचं व्हय?"

त्या घोंगड्याच्या कडेत तिच्या सासूनं राणीछाप चांदीचे रुपये शिवले होते. मेंढरांमागं रानोमाळ फिरणाऱ्यांची ती तिजोरी. सासू म्हणायची, "नोटा सरकारच्या, चांदी आपली. घर बुडालं तरच कड उसवायची." पुढं मेंढरं गेली, बिऱ्हाड करमाडला स्थिरावलं, सोनाजी एका कारखान्याच्या गोदामात हमाली करू लागला, पण नेम सुटला नाही. दर दसऱ्याला बानाबाई कडेवर भंडारा वाहायची, बोटांनी एकेक रुपया चाचपायची आणि वर्षभर निर्धास्त राहायची. नोटा बंद झाल्या तेव्हा अख्खं गाव बँकेपुढं रांगेत उभं होतं आणि ही ओट्यावर बसून हसत होती.

टाळेबंदीत मात्र ते हसू आटलं. सोनाजीचं काम बंद पडलं आणि नेमकी तेव्हाच लेकीची, सत्यशीलेची, नर्सिंगची फी भरायची होती. पोरगी नुसती घोंगड्याकडं बघत राहिली. बानाबाईचं मन पाघळलं. तिनं नवऱ्याला विचारलं, तर तो चटकन म्हणाला होता, "नगं. आईचा शबूद हाय. फी काय, फुडल्या साली बी भरता येईल." ते पुढलं साल काही उजाडलं नाही. सत्यशीला आता चितेगावला एका कंपनीत खोकी भरते.

ब्लेड येईना, तेव्हा बानाबाईनं विळ्याचं टोक घातलं. टाका तुटता तुटता तिचा हात थांबला. सासूचे टाके वेडेवाकडे असायचे. हे सरळ होते, पीळदार काळ्या लोकरीचे. असा धागा या घरात एकच माणूस कातत होता. तिनं कड धरली आणि ओढून उसवली.

मांडीवर रुपयांऐवजी लोखंडी वायसर पडले, पत्र्याच्या खिळ्याखाली घालतात त्या भोकाच्या गोल चकत्या. जाड लोकरीतून त्यांचं भोक कधी बोटाला लागलंच नव्हतं.

"कवा काढले?"

"सत्यशीला धाव्वीत होती तवा," सोनाजी खाली बघत म्हणाला. "पलाटाची स्कीम निघाली व्हती. दुप्पट देतो म्हणला एजंट. पळाला."

"म्हंजे पोरीच्या फीच्या येळी बी ह्यात लोखंडच व्हतं."

"मला वाटलं, हळूहळू भरून ठिवीन."

"आन् तुमी मला आईचा शबूद सांगितला."

नवऱ्याची चोरी तिनं कदाचित गिळलीही असती. चांदी काय, आज आहे, उद्या नाही. पण दर दसऱ्याला भंडाऱ्याची ताटली हातात धरून हाच तिच्या बाजूला उभा असायचा, तिला लोखंड पुजताना बघत. ते आठवलं आणि तिचा जीव विटला.

फोन वाजला. सत्यशीला होती. "आई, घोंगडं उघडलं का? भागंल ना तेवढ्यात?"

बानाबाईनं फोन नवऱ्याच्या हातात दिला. "तुमीच सांगा तिला."

सोनाजीनं फोन कानाला लावला. पलीकडून पोरगी "बाबा? बाबा?" करत होती. त्यानं काय सांगितलं ते ऐकायला बानाबाई थांबली नाही. वायसर पदरात भरून ती पत्रे आणायला कपाशीत उतरली.

दुपारी सोनाजी छपरावर चढला. पत्रा ठोकायचा तर प्रत्येक खिळ्याखाली वायसर लागतो. बानाबाई खालून एकेक वर देत होती. देण्याआधी प्रत्येक वायसर तिच्या बोटांत एकदा फिरत होता, दसऱ्याला फिरायचा तसाच.