कडुबांच्या गाण्यांचे तुकडे

मित्रांनो, हर्सूलच्या एका इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात, जुन्या वायरींच्या ढिगाखाली धूळ खात पडलेला जो काळा राउटर आहे, तो मी. तुमच्या घरात असतो तसा लहानसा नाही. अख्ख्या वस्तीचं इंटरनेट माझ्यातून जायचं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. मालक शिवराज यांनी मला इथं आणलं, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. करुणा नावाची तरुण इंजिनियर माझी देखभाल करायची. माझ्या पंख्यातली धूळ ती मऊ ब्रशनं काढायची.

त्या काळात संध्याकाळ झाली की तक्रारींचे फोन सुरू व्हायचे. कोणाचा क्लास अडकायचा, कोणाचा डॉक्टरांशी चाललेला व्हिडिओ कॉल तुटायचा. कारण होतं टोरेंट. त्यात एका मोठ्या फाइलचे बारीक तुकडे होतात आणि घराघरांतले कॉम्प्युटर ते एकमेकांना देत-घेत राहतात. बहुतेक लोक त्यावरून सिनेमे उतरवायचे आणि सगळी वाट अडवून बसायचे. करुणानं मला ही वाहतूक ओळखून हळू सोडायला शिकवलं. तक्रारी थांबल्या. आल्यागेल्याला शिवराज मला दाखवत, "ह्या गड्यानं लई डोकेदुखी कमी केली." मला अभिमान वाटायचा.

पण त्या तुकड्यांच्या आत काय आहे, हे मला दिसत नसे. चोरीचा सिनेमा आणि एखाद्याची जन्माची कमाई, माझ्यासाठी दोन्ही सारखेच.

आमच्याच वस्तीत कडुबा नावाचे म्हातारे शाहीर राहत. त्यांची हकीकत मला पुढं ऑफिसातल्या बोलण्यातून कळली. तरुणपणी ते गावोगाव आंबेडकरी जलसे करत. मग घशाचा कर्करोग झाला आणि ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा गेला. उरल्या कॅसेटी. त्यांनाही बुरशी लागलेली. नात अमृतानं त्या एकदाच्या वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, आणि वाजता वाजता बऱ्याचशा तुटल्या. पूर्वी कोणीतरी त्यांचं एक गाणं नेटवर स्वतःच्या नावानं टाकलं होतं. तेव्हापासून कडुबांचा नेटवरच्या तसल्या उघड्या जागांवर भरवसा नव्हता. म्हणून अमृतानं टोरेंटनं गाणी फक्त ओळखीच्या घरांत पाठवायचं ठरवलं. लासूर स्टेशनला तिचा मामेभाऊ सुयश होता, इतर गावांत जुने साथीदार होते. एका घरातून गेली तरी दुसऱ्या घरात राहतील, असा तिचा विचार.

वाटप नुकतंच सुरू झालं होतं. तेवढ्यात क्रिकेटचे सामने आले, नेट पुन्हा अडखळू लागलं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जाऊ लागलं. शिवराज वैतागले. "करुणा, टोरेंट पार बंद करून टाक."

"सर, पार नको," करुणा म्हणाली. "कोणी कामाचं पाठवत असंल. नायतर लोकांना कळवून तरी बंद करू."

"कळवलं की भांडायला येतेत. गपचूप कर."

करुणानं हुकूम टाइप केला. मी वाट बंद केली.

काही दिवसांनी अमृता ऑफिसात आली. "दादा, नेट चालतंय, पण गाणी पुढं सरकंनात. हायेत तिथंच हायेत."

शिवराजांनी मोबाइलवरून नजरही उचलली नाही. "तुमच्या कॉम्प्युटरातच लोचा असंल. आमच्याकडून सगळं ओके हाय."

करुणाचे हात कीबोर्डवर थांबले. मग ती पुन्हा टाइप करू लागली.

अमृतानं विश्वास ठेवला. तिनं कॉम्प्युटर गुलमंडीजवळच्या एका दुकानात दुरुस्तीला दिला. गाण्यांना हात लावू नका, असं तिनं बजावलं होतं. दुकानातल्या माणसानं सगळं पुसून, नवं टाकून, कोरा कॉम्प्युटर परत दिला.

दुसऱ्या दिवशी ती कडुबांना घेऊनच आली. तिचे डोळे सुजले होते. कडुबांच्या गळ्याभोवती पांढरा रुमाल होता. करुणा उठली आणि म्हणाली, "अमृता, तुझ्या कॉम्प्युटरात बिघाड नव्हताच. टोरेंट आम्ही बंद केलंय."

"मग त्या दिवशी सांगायचं ना, ताई! मी पेनड्राइव्ह घेऊन दारोदार फिरले असते."

"त्यात काय हाय, मला काय ठाऊक?" शिवराज पुटपुटले.

करुणानं त्यांना न विचारता मला वाट खुली करायला लावली. अमृतानं फोन करून सगळ्यांना कॉम्प्युटर लावायला सांगितलं. घराघरांतून तुकडे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येऊ लागले. मी इतक्या आनंदानं कधीच काम केलं नव्हतं. पडद्यावरची रेघ भराभर वाढली, आणि निम्म्यावर येऊन थांबली. करुणा संध्याकाळपर्यंत पाहत राहिली. उरलेले तुकडे कोणाच्याच घरी पोचले नव्हते.

अमृतानं आलेलं एक गाणं लावलं. ढोलकी वाजली, खणखणीत आवाज उठला आणि मधेच तुटला. तेव्हा कडुबांचे ओठ हलू लागले. टेबलावर त्यांची बोटं ठेका धरत होती. हरवलेली ओळ ते म्हणत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. आवाज परतला, पुन्हा तुटला. ते थांबले नाहीत.

"शब्द लिहून घेईन, आबा," अमृता म्हणाली. "आवाज कुठून आणू?"

करुणानं त्याच आठवड्यात नोकरी सोडली. पुढं नवं यंत्र आलं आणि मला इथं टाकलं. टोरेंट आता तेच अडवतं. गपचूप.

मित्रांनो, वाट सगळ्यांची असते. कोणी ती एकट्यानंच अडवली, तर त्याला आवरावंच लागतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कोणाची वाट बंद कराल, तर त्याला तसं तोंडावर सांगा. तो भांडेल, दोन शब्द वाईट बोलेल, आणि दुसरी वाट धरील. अमृतानं धरली असती.