चार पळ्यांचा तांब्या

मी एक जुनी पळी आहे. कारखान्यांच्या गल्लीतल्या एका खानावळीत एकवीस वर्षं रस्सा वाढते आहे. मित्रांनो, मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

मला एका पत्रा-कारागिराने घडवलं. सारी गल्ली त्याला ठोक्या म्हणते. रस्सा वाढणाऱ्या मावशीने त्याला बजावलं होतं, "चार पळ्यांत टेबलावरचा तांब्या काठोकाठ भरला पाहिजे." माणशी दोन पळ्या, म्हणजे अर्धा तांब्या रस्सा, हा इथला रिवाज. भट्टीपुढून उठून आलेल्या माणसाला तेवढा लागतोच. ठोक्याने मला तीनदा पाण्याने मापलं, मगच दांडा जोडला.

मावशी मला भरून वर काढायची आणि क्षणभर थांबायची. काठावरचा थेंब पातेल्यात पडला की मगच वाढायची.

"मावशी, तो थेंबही वाढ की!" वेल्डर म्हणायचा.

"तो पुढच्याचा आहे रे, मेल्या!"

मग खानावळीला नवा मालक आला. एका सकाळी, चूल पेटण्याआधी, त्याने मला दगडावर पालथं घालून माझ्या बुडावर हातोडीचे पाच घाव घातले. माझं पोट आत गेलं. काठ मात्र होता तेवढाच राहिला. मावशीची नजर एकवीस वर्षं काठावरच. बुडाकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती मला पूर्वीसारखीच काठोकाठ भरत राहिली आणि माणसं अर्धपोटी उठू लागली.

आठवड्याने वेल्डरच म्हणाला, "मावशी, हात आखडलास. उरलेला घरी नेतेस की काय?"

सगळे हसले.

"काठापर्यंत भरतेय रे," एवढंच ती म्हणाली.

"वय झालं तिचं," मालक गल्ल्यावरून बोलला. "उद्यापासून दुसरी बाई बघतो."

मला तोंड असतं तर! मावशीने संतापाने मला पातेल्याच्या कडेवर आपटलं. आवाज बसका आला. कोपऱ्यात जेवणाऱ्या ठोक्याचा घास हातातच राहिला.

"हा माझ्या पळीचा आवाज नव्हे. आण इकडे."

त्याने मला धुतलं आणि सगळ्यांसमोर पाण्याने तांब्या भरायला घेतला. चार पळ्या झाल्या. पाणी गळ्याच्याही खाली. पाचवी ओतली, तरी भरेना. मग त्याने मला उलटं केलं.

"वापरून चेपली असेल," मालक म्हणाला.

"वापरून पत्रा झिजतो, मालक. हातोडीचे पाच व्रण उमटत नाहीत."

कोणी हसलं नाही. ठोक्याने तिथेच, उंबऱ्यावर, आतून ठोकून माझं पोट सरळ केलं. तांब्या रिकामा करून पुन्हा मापलं, तर चौथ्या पळीला तो काठोकाठ भरला. मालक रुमालाने तोंड पुसत बसला. दुसऱ्या बाईचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

वेल्डरने मान खाली घालून वाडगा पुढे केला. "चुकलं, मावशी."

मावशीने मला भरलं. थांबली. थेंब पडू दिला. दोन पळ्या वाढल्या. पण त्याला 'मेल्या' म्हणाली नाही. अजूनही म्हणत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या भांड्यांना घासा, पुसा, जपा. पण ताटात कमी पडलं, तर वाढणाऱ्या हाताला चोर म्हणण्याआधी पळी एकदा उलटी करून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.