ऊन आहे आज

"अजून चार बोटं पुढे... अजून... बस, बस! ब्रेक सोडा आता."

काटेकाकांनी हात वर केला आणि हिरवी गाडी वजनकाट्याच्या चार पाटांवर चार चाकं टेकवून उभी राहिली. ड्रायव्हर आतच होता, डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे. वजन करायचं ते गाडीचं आणि माणसाचं एकत्र, असा नियम. तांबडे आकडे जरा लटपटले आणि स्थिरावले.

"अकराशे एकतीस किलो, दोनशे ग्रॅम," काकांनी वाचून दाखवलं. शेजारच्या टेबलाशी बसलेल्या नोंदणीच्या बाईंनी ते कागदावर उतरवून घेतलं.

हिरव्या गाडीला कमीत कमी अकराशे तीस भरायला हवं होतं. म्हणजे जेमतेम किलोभर वर. काकांनी आभाळाकडे बघितलं, रुमालाने मान पुसली आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "ऊन आहे आज."

हिरव्या गाडीचा मॅनेजर गालातल्या गालात हसला. "चला रे, शिशाच्या दोन लाद्या चढवा अजून," तो आपल्या माणसांना म्हणाला आणि गाडी ढकलत घेऊन गेला.

आता ऊन आहे हे सांगायला वजनकाट्यावरचा माणूस कशाला हवा? ते काय, आंधळ्यालाही कळतं. पण या आवारात सगळ्यांना ठाऊक होतं की काकांचं ऊन हे साधं ऊन नव्हे. शर्यतीत टायर झिजतात, ब्रेक झिजतात, ड्रायव्हर घामाने किलो-दीड किलो उतरतो. सकाळी काठावर असलेली गाडी दुपारी काठाखाली जाते, आणि शर्यतीनंतरच्या वजनात शंभर ग्रॅम जरी कमी भरली तरी निकालातून बाद. काट्यावरच्या माणसाने आकड्यापलीकडे चकार शब्द काढायचा नाही, असं नियमावलीत छापलेलं होतं. हवेबद्दल बोलायचं नाही असं मात्र कुठे छापलेलं नव्हतं. सव्वीस वर्षांत काकांनी एवढी एकच पळवाट ठेवली होती, आणि तीही सगळ्यांना सारखी. आभाळ चांगलं भरून आलेलं असलं तरी काठावरच्या गाडीला ते "ऊन आहे आज" म्हणायचे, आणि लोक मुकाट्याने शिशाच्या लाद्या चढवायचे.

टूरिंग गाड्यांची ही आंतरराष्ट्रीय मालिका. दिसायला रस्त्यावरच्याच गाड्या, पण आतून पार सोललेल्या. वर्षाला दहा टप्पे, दहा शहरं, सात महिने. जो जिंकेल त्याच्या गाडीत पुढच्या टप्प्याला शिसं भरायचं, म्हणजे मागे राहिलेल्यांनाही हात मारता यावा. ते शिसं मोजणं, त्याला सील ठोकणं आणि शर्यतीनंतर प्रत्येक गाडी काट्यावर घेणं हे काकांचं काम. या कामाला एक पथ्य होतं. कुणाच्या तंबूत बसायचं नाही, कुणाचा चहा घ्यायचा नाही, कुणाच्या गाडीतून स्टेशनपर्यंतसुद्धा जायचं नाही. येता-जाता शंभर माणसं "नमस्कार साहेब" म्हणायची आणि पुढे निघून जायची. कॅन्टीनच्या कोपऱ्यातलं दोन माणसांचं टेबल सात महिने काकांचं एकट्याचं. एकटं जेवायची सवय त्यांना सव्वीस वर्षांतही झाली नव्हती.

"पांढरी गाडी पुढे घ्या," काका म्हणाले.

पांढरी गाडी ढकलत आणणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता तो त्यांचा उस्ताद, म्हणजे मुख्य मेकॅनिक. अंगाने काटक, कपाळावर ग्रीसचा पट्टा, कानामागे पेन्सिल. तो काकांचा एकुलता एक मुलगा.

सात वर्षांपूर्वी तो या संघात लागला तेव्हा काकांनी त्याला घरीच सांगितलं होतं, "आवारात तू माझा कुणी नाहीस आणि मी तुझा कुणी नाही. उद्या कुणी बोट दाखवता कामा नये." पोरगा बापाच्या वळणावर गेलेला. तोही म्हणाला, "कबूल." तेव्हापासून आवारात तो यांना साहेब म्हणायचा आणि हे त्याला तुम्ही म्हणायचे. त्याची आई होती तोवर तीच फोनवरून दोघांचे निरोप इकडचे तिकडे करायची. अहो, त्याला ताप आहे म्हणे, लांबून तरी बघून या. अरे, बाबांची पाठ धरलीय, मलम पाठवलंय, नोंदणीच्या बाईंकडे दे. ती गेली आणि तेही थांबलं. उरली फक्त हंगामाची शेवटची संध्याकाळ. शेवटची गाडी काट्यावरून उतरली, कागदावर सह्या झाल्या की पथ्य सुटायचं. मग काका काट्याशेजारी दोन घडीच्या खुर्च्या मांडायचे आणि मुलगा डबा घेऊन यायचा. त्या एका जेवणावर काका अख्खं वर्ष काढायचे.

गेल्या वर्षी त्या जेवणात मुलगा म्हणाला होता, "बाबा, पुढचा हंगाम झाला की सोडा आता हे. आमच्याकडे मागची खोली रिकामीच आहे. नात विचारते, आजोबा कुठे असतात म्हणून. काय सांगू तिला?"

"बघू," काका म्हणाले होते. पण बघायचं काय राहिलं होतं! नोकरी सोडल्याचं पत्र त्यांनी पाचव्या टप्प्यालाच लिहून ठेवलं होतं. आज, शेवटच्या टप्प्याला, ते खिशात होतं. संध्याकाळी डबा उघडला की आधी मुलाच्या हातात द्यायचं आणि मग पुढे पाठवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. सकाळी नोंदणीच्या बाईंनी विचारलंसुद्धा, "पुढच्या वर्षीच्या यादीत तुमचं नाव घालू ना?" काका नव्या नवरदेवासारखे लाजले आणि म्हणाले, "संध्याकाळी सांगतो."

पांढरी गाडी पाटांवर चढली. यंदा तिचं नशीब उघडलं होतं. सहा वर्षं मधल्या रांगेत घुटमळणारा हा संघ यंदा चार शर्यती जिंकला होता. अंगावर भरपूर शिसं घेऊनही हिरव्या गाडीपेक्षा चार गुणांनी पुढे होता. आज दोघांत जो पुढे राहील त्याचा चषक.

"अकराशे साठ किलो, नऊशे ग्रॅम."

जिंकल्याच्या शिशासकट तिचं किमान वजन अकराशे साठ. काकांनी आकडा परत एकदा पाहिला. नऊशे ग्रॅम! हिरव्या गाडीपेक्षाही कमी. सहा वर्षांत या पोराने कधी इतकं काठावर आणलं नव्हतं. तेव्हा तशी गरजच पडली नव्हती. आज चषकाच्या नादात सगळीकडून तासून काढलं होतं.

उस्ताद गाडीशेजारी उभा होता. आकडा ऐकूनही तो हलला नाही. पेन्सिल कानामागून काढली, परत खोवली, आणि काकांकडे बघत राहिला.

ऊन आहे, हे शब्द काकांच्या जिभेवर आले. त्याच वेळी त्यांना हिरव्या गाडीचा मॅनेजर दिसला, लाद्यांची हातगाडी ढकलत परत चाललेला. चौथ्या टप्प्यानंतर याच माणसाने वर अर्ज दिला होता, बापाचा काटा आणि मुलाची गाडी हे कसं चालतं म्हणून. चौकशी झाली, काहीच निघालं नाही, पण कागद फायलीत राहिला. काकांनी तेव्हाच कानाला खडा लावला होता. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ती हवा. मुलाला सांगितलं तर तो वशिला.

"उतरवा गाडी," काका म्हणाले. "पुढचे या."

उस्ताद क्षणभर थांबला. मग मान हलवली आणि आपल्या माणसांना हसून म्हणाला, "चला, आहे तसंच ठेवा."

शर्यत काकांनी पाहिली नाही. काट्यावरून फक्त आवाज ऐकू यायचा आणि शेवटी कर्ण्यावर नाव. पांढरी गाडी पहिली, हिरवी दुसरी. काका उभे राहिले आणि कुणी बघत नाही ना हे पाहून त्यांनी बाईंच्या टेबलावर हलकेच थाप मारली.

"अभिनंदन हं," बाई पुटपुटल्या.

"आधी वजन," काका म्हणाले.

बाकीचे ड्रायव्हर शर्यत संपल्यावर मुद्दाम ट्रॅकच्या कडेने येतात. तिथे टायरांचे तुकडे पडलेले असतात, ते गरम चाकांना चिकटतात आणि किलोभर वजन फुकटात वाढतं. पांढऱ्याचा ड्रायव्हर आनंदाने वेडा झाला होता. खिडकीतून हात काढून लोकांना दाखवत तो स्वच्छ मधल्या वाटेने आला. चाकं तुळतुळीत. ती बघूनच काकांना कळायचं ते कळलं.

"अकराशे एकोणसाठ किलो, चारशे ग्रॅम."

काकांनी स्वतःच सांगितलं, "परत घ्या." गाडी खाली उतरवली, परत चढवली. चारशे. पाटांखाली पाणसळ धरून बघितली. बुडबुडा बरोबर मधोमध. तिसऱ्यांदा घ्यायच्या आधी त्यांनी वीस-वीस किलोची प्रमाणवजनं पाटांवर ठेवून काटा तपासला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते मनातल्या मनात काट्याच्या विनवण्या करत होते, की बाबा रे, आज एकदाच चुकीचा नीघ. उस्ताद गुडघ्यांवर बसून प्रत्येक चाक बघत होता, एखादं पाटाच्या बाहेर तर गेलं नाही ना.

काटा बरोबर होता. सहाशे ग्रॅम कमी.

"पांढरी गाडी निकालातून बाद," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच निघाला, याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "उस्ताद, इथे सही करा."

मुलाने सही केली. "झालं, साहेब?" त्याने विचारलं.

"झालं."

मागून हिरवी गाडी आली. सकाळच्या दोन लाद्यांच्या जोरावर सरळ पास झाली. मॅनेजर हात पुढे करून म्हणाला, "मानलं तुम्हाला, साहेब. मी त्या वेळी उगाच अर्ज केला. असा माणूस शोधून सापडायचा नाही." त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. काकांनी हात मिळवला. कामाचा भाग होता तो.

बाई कागद आवरता आवरता म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. ड्रायव्हरनेच घोळ घातला. कडेने आला असता तर सुटला असता की."

"हो," काका म्हणाले.

उन्हं उतरली. एकेक तंबू जमिनीवर आला. काकांनी दोन खुर्च्या मांडल्या, मग वाटलं बरं दिसत नाही म्हणून एक मिटून ठेवली, आणि पाचच मिनिटांत परत उघडली. पत्र खिशात आहे ना, हे दोनदा चाचपलं.

मुलगा आला. हातात डबा होता. काकांचा जीव भांड्यात पडला.

"बस रे," ते म्हणाले. सात महिन्यांनी ते त्याला अरे म्हणत होते. "दमला असशील."

तो बसला नाही. डबा रिकाम्या खुर्चीवर ठेवून उभाच राहिला.

"बाबा, एक विचारू?"

"विचार ना."

"सकाळी मी हिरव्याच्या मागेच उभा होतो. त्याला तुम्ही सांगितलंत, ऊन आहे म्हणून. मी ऐकलं."

काकांनी डब्याकडे बघितलं.

"मग माझी गाडी चढली. मी थांबलो. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, पुरेसं आहे. सगळ्या जगाला सांगतात, मग मला सांगणार नाहीत होय? कमी असतं तर बोलले असते." तो जरा हसला. "माझ्याकडे लाद्या होत्या बाबा. चार लाद्या हाताशी काढून ठेवल्या होत्या."

"तू माझा मुलगा आहेस म्हणून..." काकांनी सुरुवात केली. "लोक काय म्हणाले असते?"

"तेच म्हणतोय. दुसऱ्या कुणाचा असतो तर आज जिंकलो असतो."

त्याच्या आवाजात राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. राग नव्हता. वजनाचा आकडा वाचावा तसं त्याने सांगून टाकलं. काकांना वाटलं, म्हणावं, चुकलो. आकडा वाचायला सव्वीस वर्षं सरावलेलं तोंड, पण हा एक शब्द काही त्यातून बाहेर पडेना.

तंबूकडून कुणीतरी "उस्ताद!" म्हणून हाक मारली.

"निघतो," तो म्हणाला. "पोरं जेवायची थांबलीत. एक जण तर रडतोय सकाळची लादी हातात घेऊन. आज मी त्यांच्यात नसलो तर बरं दिसणार नाही. तुम्ही जेवून घ्या."

"हो हो. तू जा. त्यांच्याजवळ बस."

मागच्या खोलीचं तो काही बोलला नाही. काकांनीही विचारलं नाही. तो जाताना त्यांनी पाहिलं, डाव्या पायावर जरा कमी भार देत होता. गुडघा दुखत असावा. त्याची आई असती तर कधीपासून आणि कशाने, सगळं कळलं असतं.

थोड्या वेळाने बाई पर्स खांद्याला लावून निरोप घ्यायला आल्या. "मग? नाव घालू ना यादीत?"

"घाला," काका म्हणाले.

"मला वाटलंच. तुमच्याशिवाय काट्याचं कसं व्हायचं!" बाई म्हणाल्या आणि बसकडे गेल्या.

काकांनी डबा मांडीवर घेतला. वरच्या खणात भात होता, खालच्यात वाटाण्याची उसळ आणि उकडलेली दोन अंडी. डब्यात दोन चमचे होते. म्हणजे सकाळीच भरला होता, शर्यतीच्या आधी. त्यांनी चमच्याने भाताच्या मधोमध रेघ ओढली, उसळीतही ओढली. एक अंडं खाल्लं. रेघेच्या अलीकडचं सगळं सावकाश संपवलं. पलीकडच्या शितालाही हात लावला नाही. मग झाकण घट्ट बसवून त्यांनी डबा समोरच्या खुर्चीवर ठेवला, आणि काट्याचे चार पाट एकेक करून उचलायला घेतले.