वहीतली बर्था

नॉटिंगहॅमच्या त्या घरात मधुमतीबाईंना विचारल्याशिवाय पातेलं हलत नसे. नात कस्तुरी मात्र दर शनिवारी न विचारता शेजारच्या हिर्शबाईंकडे पळायची. शाळेचा प्रोजेक्ट होता, एका कुटुंबाची गोष्ट लिहायची. पोरीनं निवडली कोण? हिर्शबाईंची पणजी बर्था! सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कुठल्याशा गावात राहिलेली ज्यू बाई. जितीजागती आजी घरात, आणि वहीत परक्यांची मेलेली पणजी. बाईंचा नुसता जळफळाट.

त्यात हिर्शबाईंनी त्यांच्या पेसाखच्या सणाची कोरडी, पापडासारखी भाकरी पाठवली, मात्सा म्हणतात ती. शेजारणीची ताटली रिकामी परत करायची नाही, हे सुनेला घोकवून शिकवणाऱ्या बाईंनी ती घासूनपुसून तशीच धाडली.

"जा, दे तुझ्या त्या लाडक्या आजीला!"

संध्याकाळी जेवताना कस्तुरी वही वाचू लागली. बर्थाचा नवरा कापडवाला, गावच्या गायनमंडळात गायचा. मुलं गावच्याच शाळेत. सणाला बर्था मात्सा वाटायची आणि ख्रिस्ती शेजारणी ताटलीत अंडी, सफरचंदं घालून परत करायच्या. एका वर्षी गावच्या मेयरच्या बायकोकडून ताटली रिकामी आली. नवरा म्हणाला, विसरली असेल. बर्था जेवलीच नाही.

बाईंचा घास तोंडातच फिरू लागला. "हिर्शबाई काही म्हणाली का गं, ताटली घेताना?"

"नाही. ती प्लेट बघत राहिली. मग म्हणाली, तुझी आजी बरी आहे ना?"

सकाळी उठून बाईंनी शंकरपाळ्यांना मैदा काढला.

"आजी, नो! धिस वीक पेसाख आहे, त्यांना मात्सा सोडून मैद्याचं काही नाही चालत!"

"तिचं पथ्य बरं पाठ आहे. माझी एकादशी कधी असते, सांग बघू?"

कस्तुरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली.

बाईंनी मैदा पुन्हा डब्यात ओतला. उपासाचंच करायचं ना, त्यात काय मोठंसं? नारळ खवून वड्या थापल्या आणि ताटली घेऊन स्वतः गेल्या, कस्तुरी मागून.

हिर्शबाईंनी वडी तोंडात घातली, डोळे मिटले. कशा केल्या म्हणून विचारलं, तेही कस्तुरीचा हात हातात घेऊन.

"सांगते," म्हणत मधुमतीबाई सोफ्यावर दोघींच्या बरोब्बर मध्ये घुसून बसल्या. "कस्तुरी, वही काढ. नवं पान घे. बर्थाचं झालं तेवढं पुरे."