शिडीच्या मापाची बेस गिटार

मित्रांनो, आधी हात धुऊन या. साबण लावा आणि टॉवेलाने पुसा, चड्डीला पुसलेले हात मला चालत नाहीत. मग जवळ बसा, म्हणजे मी माझी कहाणी सांगते. मी एक जुनी बेस गिटार आहे, लहान चणीची, चार जाड तारांची. इतर वाद्यं आपण कुठल्या सुगंधी रानात जन्मलो ते ऐटीत सांगतात. माझी तशी सोय नाही. माझा जन्म घाणीत झाला, आणि ती घाण आठवली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

माझं धड म्हणजे एका स्वयंपाकघरातली जाड फळी. तिच्यावर त्या घराने वर्षानुवर्षं कांदा चिरला. हवा दमट झाली की आजही माझ्या अंगाला तो वास सुटतो. माझा गळा एका मोडक्या शिडीच्या उभ्या दांड्यातून काढला. ती शिडी रंगाऱ्यांच्या हाताखालून गेलेली. तिच्यावर रंगाचे ओघळ आणि घामट हातांचा काळा थर. मला घडवणारे बाबा जन्मभर शिड्या बनवत आले होते. त्यांना सगळे शिडीवाले म्हणत. घरामागची पत्र्याची खोली हा त्यांचा कारखाना होता.

मला घडवण्यामागचं कारण मात्र चांगलं होतं, एवढं मी नाक मुरडूनही कबूल करते. बाबांची सून एका वाद्यवृंदात बेस गिटार वाजवायची. स्कूटरवरून पडून तिचा डावा खांदा मोडला. हाड सांधलं, पण हात पूर्वीइतका लांब जाईना. मोठ्या गिटारच्या टोकापर्यंत तिची बोटं पोहोचेनात. गिटार कपाटावर गेली आणि सून गप्प गप्प राहू लागली. दिवसभर गुणगुणणाऱ्या पोरीचं ते गप्प राहणं बाबांना बघवेना.

"एवढंच ना? आखूड करू की! आखूड शिड्या मी काय कमी बनवल्यात?" असं म्हणून ते कामाला लागले.

मित्रांनो, ते दिवस आठवू नयेत असे होते. बाबांना बाटलीतला गोंद पटत नसे. ते डब्यात सरस उकळत. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंद. त्याची दुर्गंधी अशी, की शेजारीण खिडक्या लावून घ्यायची. तो गरमागरम चिकट लगदा त्यांनी माझ्या अंगात ओतला. पेन्सिल जिभेवर ओली करून ते माझ्यावर रेघा मारत. ज्या फडक्याने नाक पुसत, त्याच फडक्याने माझा भुसा झटकत. शेवटी व्हार्निश लावलं, तर ते वाळायच्या आत एक माशी येऊन चिकटली. बाबांनी ती चिमटीने उचलली, पण तिचा एक पाय राहिला. त्यांनी त्याच्यावरच दुसरा हात मारला. तो पाय अजून माझ्या पोटावर आहे. या, पाहा. शी!

पण माझं खरं वाटोळं झालं ते पट्ट्यांमुळे. बेस गिटारच्या गळ्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. तार कुठल्या पट्टीपाशी दाबली, यावर सूर ठरतो. या पट्ट्या टोकाकडे दूर दूर असतात आणि धडाकडे येताना जवळ जवळ होत जातात. बाबांनी नमुन्यासाठी मोठी गिटार खाली काढली, पट्ट्या निरखल्या आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय काम झालं? वर ऐसपैस आणि खाली गर्दी! अशी शिडी मी विकली असती, तर लोकांनी मला जोड्याने मारलं असतं."

आणि त्यांनी माझ्या सगळ्या पट्ट्या अगदी सारख्या अंतरावर बसवल्या. शिडीच्या पायऱ्या बसवाव्यात तशा. मापात केसाचा फरक नव्हता. गिटार बनवणाऱ्या कारखान्याची चूक आपण सुधारली, या आनंदात ते शीळ घालत होते.

मग मला घरात नेलं. बाबा, त्यांची बायको, मुलगा आणि सून, सगळे माझ्याभोवती बसले. सुनेने मला मांडीवर घेतलं. तिचा हात सहज टोकापर्यंत पोहोचला आणि तिचे डोळे चमकले. पहिली मोकळी तार छान घुमली. मला वाटलं, चला, घाणीतून निघाले. मग तिने पट्टीपाशी तार दाबली. मग दुसऱ्या पट्टीपाशी. दोन्ही सूर वाकडे निघाले. तोंडात घास घ्यावा आणि तो आंबलेला निघावा, तसं झालं. आणि तो घास माझ्याच घशातून आला होता!

सुनेच्या कपाळावर आठी आली. तिने बाबांकडे पाहिलं. ते पोरासारखे टक लावून बसले होते. आठी पुसली गेली.

"छान झालीय, बाबा," ती म्हणाली.

"एकदम भारी!" मुलगा म्हणाला. त्याला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बायकोचा चेहरा कळत होता.

"तुमच्या हातात जादू आहे हो," बाबांच्या बायकोने री ओढली.

मित्रांनो, सरसाचा वास मी सोसला होता, माशीचा पाय सोसला होता. पण त्या गोड बोलण्याची मला जी किळस आली, ती वेगळीच होती. सरस निदान सांधा तरी जोडतो.

त्यानंतर मला दिवाणखान्यात खिळ्याला टांगलं. पाहुणे येत, तळकट बोटांनी मला चाचपत आणि "वा, वा" करत. बाबा दर आठवड्याला शिलाई मशीनचं तेल लावून मला पुसत. माझ्या पाठीतल्या, स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींच्या खोबणीत झुरळाने अंडी घातली, ती मात्र कुणाला दिसली नाहीत. आणि बाबा रोज विचारत, "वाजवत का नाहीस गं?"

"खांदा अजून दुखतो, बाबा."

खोटं! हात लांब जात नसला, तरी खांद्याचं दुखणं केव्हाच थांबलं होतं. मी भिंतीवरून रोज पाहत होते, त्याच हाताने ती भरलेली कळशी उचलत होती. पण एकदा छान म्हणून बसली होती ना, आता सुटका कुठली? तिच्या त्या दुखण्यासाठी बाबा गरम पाण्याची पिशवी भरून आणत. ती निमूट खांद्याला लावून बसे आणि पिशवी थंड होईपर्यंत मान वर करत नसे. मोठी गिटार वाजवता येत नव्हती आणि माझ्यावर वाजवणं अशक्य होतं. एक दिवस वाद्यवृंदातल्या मैत्रिणीचा फोन आला. या महिन्याच्या कार्यक्रमाला येत नसशील, तर आम्ही दुसरी कुणी बघतो, असं तिने सांगितलं. सून "बघा" म्हणाली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

बाबांनी ते ऐकलं. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, तळहातावर तोललं आणि स्वतःशीच म्हणाले, "जड झालीय. माझंच चुकलं. पोरीच्या खांद्याला भार होतोय." ते मला पत्र्याच्या खोलीत घेऊन गेले, शिकंज्यात आवळलं आणि माझ्या धडाचा तुकडा काढायला करवत लावली.

करवतीचा आवाज ऐकून सून धावत आली.

"बाबा, थांबा! कापू नका तिला. ती जड नाही."

"मग?"

"ती बेसूर आहे. पहिल्या दिवसापासून."

करवत थांबली. "बेसूर कशी असेल? मोजून बघ, एकेक पट्टी सारख्या अंतरावर आहे."

"तेच चुकलंय, बाबा. त्या सारख्या नसतातच. खाली तार आखूड होत जाते, म्हणून पट्ट्याही जवळ येतात."

बाबांनी मोठी गिटार आणायला लावली. तिने दोन्ही वाजवून दाखवल्या. त्यांनी दोन्हींच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे ते मुद्दाम तसं होतं? मला वाटलं, कारखान्यातला माणूस डुलक्या घेत होता." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आणि खांदा?"

"बरा आहे."

"मग मी पिशवी भरून आणायचो, ती?"

बाबांच्या तोंडावर जे उमटलं, ते माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. ती किळस होती.

"शी!" ते म्हणाले. "लाकूड चुकलं, त्याचं काही नाही. ते सुधारता येतं. पण सगळे मिळून माझ्यासमोर वा वा करत होतात? अगं, शिडीची पायरी सैल आहे हे घरच्यांनीच सांगितलं नाही, तर माणूस पडणार नाही तर काय होणार?"

काही दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. जेवणाचं ताटही पत्र्याच्या खोलीत मागवलं. मग एका सकाळी त्यांनी सुनेला हाक मारली. माझ्या सगळ्या पट्ट्या त्यांनी पक्कडीने उपटून ठेवल्या होत्या आणि खाचा लाकडाच्या पातळ कामट्यांनी बुजवल्या होत्या. झुरळाची अंडीही खरवडून काढली होती, देव त्यांचं भलं करो.

"तू सूर सांग. मी खूण करतो," ते म्हणाले.

ती एक सुटी पट्टी तारेखाली सरकवत जायची आणि सूर लागला की "इथे" म्हणायची. "मला तर सगळं सारखंच ऐकू येतं," असं पुटपुटत बाबा पेन्सिल जिभेवर ओली करून रेघ मारायचे. त्या दिवशी ती थुंकी मी सोसली.

पट्ट्या बसल्यावर ती वरपासून खालपर्यंत वाजवत आली. बाबांनी हातोडी खाली ठेवली नव्हती.

"आता खरं सांग."

ती अडखळली. मग म्हणाली, "तिसरी पट्टी किंचित वर गेलीय."

"अस्सं!" बाबांचा चेहरा असा उजळला, जसा त्या पहिल्या दिवशीच्या कौतुकानेही उजळला नव्हता. "दे इकडे."

तिच्या वाद्यवृंदाला अजून दुसरी कुणी मिळाली नव्हती. आता मी तिच्याबरोबर कार्यक्रमांना जाते. बुजवलेल्या खाचांचे वण माझ्या गळ्यावर आहेत, पण सूर खरा आहे. तेव्हा मित्रांनो, वाद्य हाताळून झालं की त्याच्यावरचा घाम पुसा, खोबणीतली घाण काढा. आणि कुणी तुमच्यासाठी राबून काही केलं, तर त्याच्या तोंडाला खोट्या कौतुकाचा सरस फासू नका. त्याची घाण फडक्याने निघत नाही.

प्रत्येक कार्यक्रमाहून परतलो, की बाबा दारातच विचारतात, "काय बिघडलं?" ती सांगते. तार करकरते, खुंटी सैल आहे. ते मला उचलून पत्र्याच्या खोलीत नेतात.

परवा आम्ही परत आलो. त्यांनी विचारलं आणि हात पुढे केले.

"आज काहीच नाही, बाबा. छान वाजली."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, हात मागे घेतले आणि निवांत जेवायला बसले.